नांगर न पोहोचलेली जागा

ऋषिपंचमीच्या ताटाचा नियम एका ओळीत सांगता येतो. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. म्हणजे भात गेला, भाकरी गेली, डाळी गेल्या. वर्षभर ज्या शेताच्या जिवावर घर चालतं ते शेतच त्या दिवशी ताटाबाहेर. मग उरतं ते कुदळीने खणलेलं, खुरप्याने भुसभुशीत केलेलं, बोटाने टोकलेलं, थोडक्यात मागीलदारचं. भाद्रपद शुद्ध पंचमीला, गणपती घरी येऊन एकच रात्र झालेली असते तेव्हा, कोकणातल्या घरांतून जी ऋषीची भाजी शिजते तिच्यात जवळजवळ सगळं परस उतरलेलं असतं: अळू, अळकुड्या, पडवळ, शिराळी, लाल भोपळा, भेंडी, माठाची देठं, चवळीच्या शेंगा, काकडी, सुरणाचा तुकडा, मक्याची कणसं. घरागणिक यादी बदलते. कुणाकडे अंबाडीशिवाय चालत नाही, कुणी घोसाळं घालू देत नाही. पण सगळ्या याद्यांना जोडणारी जमीन एकच असते.

भाजीची कृती कुठेही मिळेल. मला तिच्या मागची बाग वाचायची आहे. कारण माझं म्हणणं असं की ही भाजी हाच कोकणातल्या पावसाळी परसबागेचा सगळ्यात नेमका नकाशा आहे. एरवी परस म्हणजे शेताचं शेपूट. शेताला नांगर, बैल, गडी, खंड, सातबारा. परसाला घरातल्या बाईचा उरलेला वेळ. त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. वर्षातून एका दिवशी मात्र शेताला रजा मिळते आणि अख्खं ताट परसाच्या हवाली होतं. ते ज्यांनी ठरवलं त्यांना बागकाम कळत होतं, यात मला शंका नाही.

व्रताची कहाणी मात्र मला आवडत नाही. विटाळ पाळला नाही म्हणून कुत्रीचा जन्म आलेली बाई आणि तिच्या संसर्गाने बैल झालेला नवरा, अशी ती गोष्ट आहे. आज ती अनेकींना पटत नाही, आणि न पटणंच योग्य. गंमत अशी की कहाणी मागे पडली तरी भाजी टिकली. उपास न करणाऱ्या घरांतही ती होते, शेजारी वाटली जाते. आणि नियमातली पळवाटही बघण्यासारखी आहे. बैलाचा घाम चालत नाही, पण त्याच्या गोठ्यातलं शेण परसाला बिनदिक्कत चालतं. आता भातशेतीत पॉवर टिलर फिरतो. त्याने नांगरलेला तांदूळ बैलाच्या कष्टाचा धरायचा की नाही, हे ऋषींनाच विचारावं. त्यांना मक्याबद्दलही विचारता येईल. मका, लाल भोपळा आणि मिरची ही तिन्ही मंडळी मूळची अमेरिकेतली, पोर्तुगीज इथे पोहोचल्यानंतर आलेली. सप्तर्षींपैकी एकानेही कणीस पाहिलेलं नसणार. परसाला त्याचं सोयरसुतक नाही. जे पावसात तगलं ते आपलं, एवढंच ते पाहतं.

या बागेचं खरं कौशल्य वेळेत आहे. पेरायचं सूर्याच्या पंचांगावर आणि काढायचं चंद्राच्या. पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात. रोहिणी २५ मेच्या सुमाराला, मिरग सात-आठ जूनला, मग दर तेरा-चौदा दिवसांनी आर्द्रा, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस. या तारखा एखाद्या दिवसाने इकडेतिकडे होतात, त्याहून जास्त नाही. चतुर्थी मात्र तिथीवर. ती २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला आली, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. सात जूनला बी टोकलं असं धरलं तर पंचमीपर्यंत २०२३ मध्ये १०५ दिवस होते आणि २०२५ मध्ये ८२. वेलाला हा फरक फार मोठा. लाल माठाला महिना पुरतो, शिराळी आणि भेंडी दीड महिन्यात हाताला लागतात, पडवळाला दोन महिने किंवा थोडे जास्त, भोपळा पिकायला तीन महिने आणि वर. म्हणजे १०५ दिवसांच्या वर्षी भाजीत पिवळाधमक, गोड भोपळा पडतो; ८२ दिवसांच्या वर्षी हिरव्या सालीचा कोवळा. एकाच घरातली, एकाच हाताची भाजी दोन वर्षांत दोन चवींची का लागते, याचं अर्धं उत्तर पंचांगात आहे.

उरलेलं अर्धं आभाळात. २०२३ मध्ये मान्सून रत्नागिरीत ११ जूनला पोहोचला आणि तिथेच रेंगाळला. मुंबईत यायला २५ जून उजाडला. २०२५ मध्ये तो २६ मेलाच मुंबईत होता, नोंदी ठेवायला लागल्यापासून सगळ्यात लवकर. मुंबई-वसईकडच्या एखाद्या परसासाठी गणित पुन्हा मांडून पाहा. कागदावर २०२३ चं वर्ष ऐसपैस आणि २०२५ चं आखूड. प्रत्यक्षात पहिल्या पावसापासून पंचमीपर्यंत २०२३ मध्ये ८७ दिवस मिळाले आणि २०२५ मध्ये ९४. लवकर आलेल्या गणपतीला लवकर आलेल्या पावसाने सांभाळून घेतलं. असं दरवर्षी होत नाही. म्हणूनच जुन्या हातांना एकाच दिवशी सगळं टोकून मोकळं होणं मान्य नव्हतं. भोपळ्याचं बी रोहिणीतच, एखाद्या करवंटीत किंवा पत्रावळीच्या द्रोणात, पडवळ-शिराळी मिरगात, भेंडीच्या ओळी दोन टप्प्यांत, माठ तर कधीही, आधीचा उपटला की पुढचा. अंतिम तारीख हलती असेल तर सुरुवात विभागून ठेवायची, हे शहाणपण कुठल्याही पुस्तकाआधी इथल्या वाफ्यांत होतं.

आता जागा. परसाचा आराखडा वाचायचा तर रोपांकडे न पाहता पाण्याकडे पाहावं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा ठिकाणी बागेला पाणी द्यायचं नसतं, बागेतून पाणी घालवायचं असतं. देशावरचा माणूस आळं करतो ते पाणी धरायला. कोकणात पावसाळ्यात तेच आळं उलटं होतं: मध्ये उंचवटा, भोवती चर. माठ, भेंडी, मिरची यांना गादीवाफे, गुडघाभर नसले तरी वीतभर उंच, आणि दोन वाफ्यांमधून चर थेट गडग्याच्या भोकापर्यंत. पागोळ्या जिथे पडतात त्या रेषेत कुणी काही लावत नाही. तिथे दगड मांडलेले असतात, नाहीतर कौलावरून कोसळणारी धार माती उकरून नेते. न्हाणीचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथे केळ, आणि केळीच्या पायाशी अळू. त्यापलीकडे हळद. अर्ध्या सावलीत सुरण. गडग्यावर तोंडली किंवा घोसाळी. भोपळ्याला मात्र जमिनीवर ठेवत नाहीत; त्याला गोठ्याच्या नाहीतर पडवीच्या कौलांवर चढवतात. कारण साधं. ओल्या मातीवर टेकलेला भोपळा खालून कुजतो, उतरत्या कौलावरचा कोरडा राहतो आणि दोन महिने ऊन खातो. प्रत्येक झाड आपल्या तहानेप्रमाणे पाण्यापासून जवळ किंवा लांब बसवलेलं. फूटपट्टी लावून केलेली बाग इतकी अचूक क्वचित असते.

आणि या सगळ्याच्या मधोमध मांडव. माझ्या मते पावसाळी परसाचं सौंदर्य नव्वद टक्के मांडवात आहे, आणि मांडवाकडे लोक सर्वात कमी लक्ष देऊन पाहतात. पांगाऱ्याचे किंवा शेवग्याचे मेढे पुरले की पावसात त्यांनाच पालवी फुटते; खांब म्हणून आणलेली काठी महिन्याभरात झाड होऊन बसते आणि वाऱ्याला दाद देत नाही. वर चिव्याच्या काठ्या आडव्या-उभ्या, सुंभाने बांधलेल्या. उंची माणसाने हात वर केला तर फळाला लागेल एवढी. ती उंची पडवळाने ठरवलेली असते. जुन्या जातीचं पडवळ हात-दीड हात सहज लोंबतं. मांडव बुटका केला तर ते जमिनीला टेकतं आणि वेटोळं घालतं. सरळ वाढावं म्हणून त्याच्या शेंड्याला सुतळीने खडा बांधतात. श्रावणात मांडवाखाली उभं राहिलं की असे दहा-वीस खडे डोक्याशी झुलताना दिसतात. हे काही शोभेसाठी केलेलं नसतं, पण शोभतं.

या मांडवाचं घड्याळ फार सुरेख आहे. कारलं आणि काकडी यांची पिवळी फुलं सकाळी उमलतात. भोपळ्याचं त्याहून आधी, पहाटेच, आणि उन्हं वर येईपर्यंत ते मिटूनही जातं. घोसाळ्याचं फूल सकाळचं, पण त्याचंच सख्खं भावंड असलेली शिराळी फुलते दिवेलागणीला. दोन्ही फुलं पिवळी, दोन्ही वेली एकमेकींशेजारी, आणि वेळ मात्र उलट. अंधार पडला की पडवळ उघडतं: पांढरं, कडांना झालरीसारखे बारीक धागे सुटलेलं. रात्री फुलणाऱ्या या दोघांचा पाहुणा पतंग. सकाळपाळीला मधमाश्या, रात्रपाळीला पतंग, अशी एकाच मांडवावर दोन पाळ्यांत वर्दळ चालते. टॉर्च न लावता, डोळे अंधाराला सरावू देऊन मांडवाखाली दहा मिनिटं उभं राहावं. पडवळाची फुलं अंधारात एकेक करून स्पष्ट होत जातात.

आषाढात मात्र हे सगळं थंड असतं. वेल वाढतो, पानं मोठी होतात, फुलंही येतात, पण फळ धरत नाही. नवखा माणूस इथे घाबरतो आणि खत ओततो. घडतं असं: या कुळातल्या वेलींवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात, आणि पहिल्या फेरीत जवळजवळ सगळी नर. मोठे दिवस, उष्मा आणि नत्राची चंगळ असेल तर नर फुलांचं प्रमाण वाढतं. म्हणजे घाबरून घातलेलं खत नेमकं उलटं काम करतं. शिवाय जुलैचा पाऊस. कोकणात तोच सर्वात जास्त. पराग भिजला की निकामी, आणि धो धो पावसात ना माशी फिरते ना पतंग. लोक या फुलांना वांझ म्हणून मोकळे होतात. ज्यांना कळतं ते भोपळ्याची नर फुलं तोडून पिठात बुडवून तळतात आणि वाट पाहतात. मग श्रावण लागतो. पाऊस थांबत नाही, पण मध्ये मध्ये उघडतो. सरींच्या दरम्यान तासाभराचं ऊन, रात्री एखादी कोरडी उघडीप, एवढ्यावर मांडवाचं काम भागतं. आठवड्याभरात मादी फुलांच्या मागच्या त्या बारीक गाठी फुगायला लागतात. आषाढ पानांचा, श्रावण फळांचा. आणि श्रावण संपतो तिथे गणपती येतात. हा मेळ कुणी बसवला म्हणण्यापेक्षा, ज्या भाज्यांचा मेळ बसला त्याच ऋषीच्या भाजीत आल्या, असं म्हणणं बरोबर होईल. कडवा वाल, घेवडा, चौधारी यांचे वेल याच दिवसांत तितकेच तजेलदार दिसतात, पण त्यांना फुलायला दिवस लहान व्हावे लागतात. त्यांच्या शेंगा थंडीच्या. म्हणून त्या या पातेल्यात नाहीत.

मांडवाखालून थेट अळवाकडे यावं. बागेतला हा सर्वात कमी कौतुक झालेला रहिवासी. पावसात त्याच्याकडे बघत बसावं. एवढ्या माऱ्यातही पान ओलं होत नाही. पानावर मेणाचा थर आणि डोळ्याला न दिसणारे बारीक उंचवटे असतात. थेंब त्यांच्यावर टेकतो, पसरत नाही, पाऱ्याच्या गोळीसारखा घरंगळतो आणि जाताना धूळ घेऊन जातो. पान देठावर टोक खाली करून टांगलेलं, त्यामुळे पाणी साचून पान मोडायचा प्रश्नच नाही. जे पाणी इतर प्रत्येक भाजीला मारक, त्याच पाण्याच्या वाटेत उभं राहून अळू वाढतं. वडीचं अळू आणि भाजीचं अळू यांच्या जागा वेगळ्या ठेवतात, आणि घशाला खवखवणारं अळू कुठलं हे घरातल्या मोठ्या बाईला पानाकडे पाहून कळतं. खवखव होते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. म्हणून अळवाच्या पातेल्यात चिंच किंवा आमसूल चुकत नाही. ऋषीच्या भाजीतली चिंच चवीसाठी म्हणून सांगतात. अळू, अळकुड्या आणि सुरण असे तीन खाजरे पदार्थ एकत्र शिजत असताना ती तिथे आहे, हा योगायोग मला वाटत नाही.

भेंडी आणि माठ यांच्याबद्दल थोडक्यात. भेंडीचं फूल स्वतःचं स्वतः निभावून नेतं, परागासाठी माशीवर फार अवलंबून नसतं, त्यामुळे आषाढातही ती देत राहते. गोव्यातला सात शिरांचा भेंडो यात सगळ्यांचा दादा. माठाचं बी मोहरीहून बारीक, म्हणून ते राखेत किंवा वाळूत मिसळून फेकतात आणि रुजेपर्यंत वर नारळाची झावळी टाकतात, नाहीतर पहिल्या सरीत अख्खा वाफा शेजाऱ्याकडे जातो. कोवळा असताना पाला, जून झाला की देठं. ऋषीच्या भाजीला ही जून देठंच हवीत, सोलून, बोटभर तुकडे करून. शिजल्यावर ती चोखायची असतात.

राखेचा विषय निघालाच आहे तर मातीकडे वळायला हवं. जांभ्याची माती दिसायला भरघोस, तांबडी, पण पोटाने रिकामी. हजारो वर्षांच्या पावसाने तिच्यातला चुना आणि पालाश धुऊन नेलेला, लोह तेवढं मागे राहिलेलं. म्हणून ती आंबट. चुलीतली राख तिला दोन्ही बाजूंनी उपयोगी: पालाश देते आणि आंबटपणा कमी करते. जुन्या घरांत राखेचा ढीग परसाच्या कडेलाच असायचा, आणि पानांवरच्या तांबड्या भुंगेऱ्यांसाठीही तीच मूठभर भुरभुरत. गॅस आला, राख गेली. गोठे ओस पडले, शेणही गेलं. आज कोकणात परस करणाऱ्याला दोन्ही विकत आणावं लागतं, हे सांगितल्याशिवाय जुन्या परसाची स्तुती करणं अप्रामाणिकपणाचं होईल. वानरं-माकडांचा उपद्रव तर इतका वाढला आहे की अनेकांनी मांडव घालणंच सोडून दिलं. कोवळं पडवळ त्यांनाही आवडतं.

बियाण्याचं मात्र अजून काही घरांत जुन्यासारखं चालतं. वेलावरचं एक सुबक फळ राखून ठेवायचं, त्याला चिंधी बांधायची, म्हणजे कुणी चुकून तोडत नाही. शिराळं वेलावरच वाळलं की हलवल्यावर खुळखुळतं. ते तसंच चुलीवरच्या आढ्याला टांगतात. भोपळ्याच्या बिया शेणात दाबून भिंतीला थापतात. ज्यांच्याकडे हे नाही त्यांना दापोलीच्या कृषी विद्यापीठाने चांगले पर्याय दिले आहेत. १९७२ मध्ये सुरू झालेल्या या विद्यापीठाने याच पावसाचा विचार करून वाण काढले: पडवळाचा कोकण श्वेता, शिराळीचा कोकण हरिता, कारल्याचा कोकण तारा, काकडीचा शीतल. उत्पन्नात हे घरच्या बियाण्याला मागे टाकतील. घरच्या बियाण्याची बाजू घ्यायची तर ती एवढीच, की ते त्याच मातीत, त्याच पागोळ्यांखाली पिढ्यानपिढ्या निवडलं गेलेलं असतं.

बागेचे दोषही सांगायला हवेत. पहिला दोष अतिरेक. जुलैभर परस हात राखून देतं आणि ऑगस्टच्या शेवटी एकदम ओतायला लागतं. शिराळी एका दिवसात जून होते, भेंडी दोन दिवसांत. सलग पंधरा दिवस तीच भाजी खाऊन घरातली मुलं वैतागतात, आणि त्यांचं चुकत नाही. दुसरा दोष फळमाशी. ती वेलफळांत अंडी घालते आणि बाहेरून निरोगी दिसणारं कारलं आतून किडलेलं निघतं. कोवळ्या फळाला कागद गुंडाळणं हा सर्वात स्वस्त उपाय, पण पावसात कागद किती टिकणार? तिसरा दोष आयुष्याचा. विसर्जन झालं की मांडव पिवळा पडायला लागतो, आश्विनातल्या उन्हात वेल वाळतात, आणि दसऱ्यापर्यंत झेंडू सोडून बघण्यासारखं काही उरत नाही. त्यानंतर मुळा, वांगी, मिरची, वाल यांची हिवाळी बाग सुरू होते, पण तिला शिंपणं लागतं. ती वेगळ्या स्वभावाची आहे आणि तिचं रसग्रहण वेगळं व्हायला हवं.

शहरातल्या गच्च्या आणि गॅलऱ्यांमध्ये हल्ली पुष्कळ बागा होतात, आणि ते चांगलंच आहे. पण त्यातल्या बहुतेकींना ऋतू वाचता येत नाही असं माझं मत आहे. जुलैत टोमॅटो लावणारा माणूस पावसाशी भांडतो आहे. ओल्या, आंबट मातीत टोमॅटोला मर लागते, फूल गळतं. कोकणात टोमॅटो पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात लावतात, ते उगाच नाही. त्याच कुंडीत मिरगात शिराळी टोकून वेल गॅलरीच्या जाळीवर सोडली असती तर गणपतीला घरची भाजी असती. अळवाला तर कुंडीला भोकसुद्धा लागत नाही. जुनी फुटकी बादली पुरते.

दादरच्या बाजारात चतुर्थीच्या आसपास ऋषीच्या भाजीचे वाटे मिळतात. चिरलेलं, निवडलेलं, पिशवीत बांधलेलं. मुंबईच्या दीड खोलीत ते वरदान आहे, त्याला नावं ठेवणार नाही. पण वाटा वाचता येत नाही. त्यात शिराळी किती जून आहे, देठं कुठल्या वाफ्यातली, भोपळा कोवळा का पिकलेला, याच्याशी आपला काही संबंध नसतो. बैलाच्या कष्टाचं नसल्याची खात्रीही कुणी देऊ शकत नाही. ट्रकभर माल नांगरटीशिवाय येत नाही.

आणि शेवटी पातेलं. या भाजीला फोडणी नाही, हळद नाही, मसाला नाही. आधी मक्याची कणसं आणि सुरण, मग अळकुड्या आणि माठाची देठं, मग भोपळा, पडवळ, शिराळी, सर्वात शेवटी अळू. चिंचेचा कोळ, एखाद-दुसरी हिरवी मिरची, वरून ओलं खोबरं. सोबत वरीचा भात. काही घरांत मीठसुद्धा टाळतात. पाणी जवळजवळ घालावंच लागत नाही. पडवळ आणि शिराळी यांनी श्रावणभर जे प्यायलं ते इथे परत निघतं. मसाल्याची सवय असलेल्या जिभेला पहिल्या घासाला काहीच लागत नाही. दुसऱ्या घासाला भोपळ्याचा गोडवा कळतो, तिसऱ्याला देठाचा मातकटपणा, मग चिंच, मग मागून खोबरं. मसाला घातला असता तर चव वाढली असती, पण झाडं ओळखू आली नसती. इथे प्रत्येक तुकडा आपण कुठून आलो ते सांगतो: हा कौलावरचा, हा न्हाणीजवळचा, हा मांडवातला. गोव्यात गणपतीवर टांगलेल्या माटोळीत फळं-भाज्या डोळ्यांसाठी मांडलेल्या असतात, आणि तिच्या स्पर्धाही होतात. माझा कल पातेल्याकडे आहे.

पुढच्या वर्षी करून पाहायचं असेल तर कालनिर्णय उघडून आधी ऋषिपंचमीची तारीख पाहा. तिथून सत्तर दिवस मागे मोजा. त्या दिवशी पडवळाच्या चार बिया टोका. अळकुडी त्याच्याही महिनाभर आधी मातीत गेलेली बरी.